वाचलेला वेळ नेमका कुणाचा?



या चातुर्मासात आमच्या महिला मंडळाने दुपारच्या सभेत एक विषय ठेवला होता : इंटरनेटमुळे वेळ वाचतो की वाया जातो? प्रत्येकीला तीन मिनिटं. एकीने सांगितलं, बँकेतली रांग गेली, गॅसचा नंबर घरबसल्या लागतो. दुसरीने सांगितलं, पोरांच्या माना वर येत नाहीत, ताटात कुठली भाजी होती ते जेवून उठल्यावर सांगता येत नाही. टाळ्या दोन्ही बाजूंना सारख्याच पडल्या आणि प्रभावना घेऊन सगळ्या आपापल्या घरी गेल्या. मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. सगळ्या जणी ‘वेळ’ म्हणजे घरातला एकच सामाईक डबा असल्यासारख्या बोलत होत्या. कुणीही वाचवला तरी त्याच डब्यात पडणार, कुणीही घालवला तरी त्यातूनच जाणार. माझ्या घरात तरी असा एक डबा नाही. तुमच्याही घरात नसावा.

वेळ वाचतो, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. सासऱ्यांच्या नावावर थोडी जमीन आहे. सातबारा हवा असला की पूर्वी एका कागदासाठी दोन-तीन चकरा व्हायच्या. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरी मिळतो. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून स्थानकाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. २०२० साली सगळंच बंद होतं तेव्हा त्यांना फोनवर प्रवचन ऐकायची सवय लागली, ती आता त्यांचा आधार झाली आहे. आणि आपल्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट म्हणजे सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ. मुंबई आणि आपलं नगर (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं) जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, फक्त आपण पूर्वेला आहोत. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षभर मुंबईपेक्षा साधारण सात मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. मुंबईच्या नातेवाइकांकडून आलेलं कोष्टक भिंतीला लावून चौविहार करणारीचा शेवटचा घास सूर्यास्तानंतर जाऊ शकतो. फोनवर आपल्या गावाची वेळ मिनिटासकट दिसते. हे उपकारच आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत.

पण वेळ वाचला म्हणजे नेमकं काय वाचलं, हे संवत्सरीला कळतं.

पूर्वी आमच्या घरी क्षमापनेची पोस्टकार्डं यायची आणि जायची. सासूबाई पर्युषणातच यादी काढायच्या. शे-सव्वाशे नावं असतील. दुपारी पाटावर बसून एकेक पत्ता लिहायच्या. एखाद्या नावापाशी त्यांचं पेन थांबायचं. त्या वर्षी त्या व्यक्तीशी काही बोलाचाली झालेली असायची. तिथे त्या छापील मजकुराखाली दोन ओळी हाताने लिहायच्या, कधी ते कार्ड बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी लिहायच्या. या सगळ्याला तीन-चार दुपारी लागत. आज एक चित्र, एक बोट, चारशे माणसं. आमच्या नात्यातल्या दोन जावा आहेत, एका लग्नातल्या देण्याघेण्यावरून दोन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. गेल्या संवत्सरीला दोघींनी एकमेकींना मिच्छामि दुक्कडं पाठवलं. तेच कमळाचं चित्र, तोच मजकूर, कारण दोघींनाही ते एकाच ग्रुपवरून मिळालं होतं. दोघींनी एकमेकींना हात जोडल्याचं चिन्हही टाकलं. पुढच्या महिन्यात एका पारण्याला दोघी समोरासमोर आल्या आणि तोंड फिरवून गेल्या. चार दुपारी वाचल्या, पण त्या दुपारींत जे व्हायचं ते झालंच नाही. पेन थांबायची ती जागाच गेली. त्या थांबण्यालाच तर आपण खमतखामणा म्हणत होतो.

म्हणून मी कामांचे दोन ढीग करते. रांग, चकरा, फॉर्म, तिकीट यांत जाणारा वेळ वाचला तर वाचू दे, त्या वेळेला स्वतःची काही किंमत नव्हती. पण काही कामांत वेळ हाच मुद्दा असतो. आजारी माणसाला भेटायला जाणं, महासतीजींची सुखसाता विचारायला जाणं, माफी मागणं. तिथे वेळ वाचवणं म्हणजे मीठ न घालता मीठ वाचवल्यासारखं आहे.

आता त्या डब्याकडे येते. लाईट बिल पूर्वी सासरे भरायचे. पिशवी घेऊन सकाळी निघायचे, बिल भरून, भाजी घेऊन, दोन ओळखीच्यांशी बोलून अकराला परत. मुलांच्या शाळेचं काही असलं की हे दुकानात जाता-जाता डोकावायचे. पाहुण्यांचं रेल्वेचं आरक्षण दीर करायचे. ही तिन्ही कामं आता फोनवर होतात, आणि घरात सगळ्यात जास्त ‘घरी असलेला’ फोन कुणाचा, तर माझा. कुणी ठरवून माझ्यावर टाकलं असं नाही. काम बाहेरून घरात आलं, आणि घरात आलेलं काम बाईचं, एवढंच झालं. सासऱ्यांची सकाळ वाचली हे खरं आहे. ती माझ्या कणीक मळण्याच्या आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये येऊन बसली. पीठ लागलेल्या हाताने ओटीपी वाचताना मला नेहमी वाटतं की हा वेळ कुणाच्या खात्यावर जमा झाला आणि कुणाच्या खात्यातून गेला, हे लिहायला एक वही हवी.

अशी वही सरकारने ठेवलेली आहे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात जाणारा वेळ २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटं होता, २०२४ मध्ये २८९. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ वरून ८८ वर आला. मधल्या पाच वर्षांत किराणा दारात यायला लागला, पैसे फोनवरून जायला लागले, आणि बाईच्या हाताला लागली दहा मिनिटं. पुरुषालाही नऊ. या दहा मिनिटांत मिक्सर, वॉशिंग मशीन आणि नळाच्या पाण्याचाही वाटा असणार, म्हणजे इंटरनेटच्या नावावर नक्की किती टाकायची हा प्रश्नच आहे. त्याच पाहणीत करमणूक, टीव्ही-फोन, खेळ यांत जाणारा दिवसाचा हिस्सा ९.९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेलेला आहे. चोवीस तासांच्या हिशेबाने हे साधारण पंधरा मिनिटं जास्त होतात. ही बाई-माणूस-मुलं सगळ्यांची सरासरी, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांतून वजा करायचे नाहीत. पण दहा मिळाली आणि पंधरा गेली, असं आमच्या मंडळातल्या एका भाभींनी चटकन म्हटलं, आणि हसू कुणालाच आलं नाही.

ही मिळालेली मिनिटं एकगठ्ठा मिळाली असती तरी ठीक होतं. ती येतात चुऱ्यासारखी. बिल भरून चार मिनिटं मोकळी, भाजी मागवून सहा. आणि ती मिळतात फोन हातात असताना. वाचवणारं यंत्र आणि खाणारं यंत्र एकच आहे, हे मला या सगळ्यातलं मूळ वाटतं. गिरणीत दळण दिलं आणि गिरणीवाल्याने पीठही खाल्लं, असं. अमेरिकेतल्या ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक बाई माणसांचं लक्ष एका पडद्यावर किती वेळ टिकतं ते वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास ते सरासरी अडीच मिनिटं होतं, अलीकडे ४७ सेकंदांवर आलं आहे. आपली सामायिक ४८ मिनिटांची. हा आकडा वाचून मी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं होतं.

उत्तराध्ययनाच्या दहाव्या अध्ययनात पिकलेल्या पानाची उपमा देऊन भगवान महावीर गौतम स्वामींना तेच एक सांगणं जवळजवळ प्रत्येक गाथेच्या शेवटी सांगतात : एका समयाचाही प्रमाद करू नकोस. समय म्हणजे काळाचा सगळ्यात लहान कण, पापणी लवायच्या आत असे असंख्य जातात. ४७ सेकंद तर त्यापुढे डोंगर झाले. आणि प्रमादाचे जे पाच प्रकार आपण पाठ केले आहेत, त्यात झोपेबरोबर विकथाही आहे. विकथा चार : स्त्रीकथा, भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याच्या गप्पा, देशकथा आणि राजकथा. आता कुठलाही ग्रुप उघडा. पनीरची रेसिपी, कुणाच्या साडीची चर्चा, कुठल्या देशात काय झालं आणि निवडणूक. यादी जुनीच आहे, फक्त आता ती खिशात मावते.

याहूनही मला चकित करतं ते आपलं दहावं व्रत. सहाव्या व्रतात आपण दिशांची मर्यादा आयुष्यभरासाठी घेतो, आणि देशावकाशिक व्रतात ती एका दिवसापुरती आणखी आखडतो, आज या घराच्या किंवा या गल्लीच्या बाहेर नाही. या व्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात आपण भराभर म्हणून टाकतो. एकदा सावकाश म्हणून बघा. मर्यादेबाहेरची वस्तू मागवणं. कुणाला तरी तिकडे पाठवणं. आवाज देऊन बाहेरच्याला सूचना करणं, तो शब्दानुपात. स्वतःचं रूप दाखवून बाहेरच्याचं लक्ष वेधणं, तो रूपानुपात. आणि खडा वगैरे फेकून कळवणं. पाय घरात ठेवून व्यवहार बाहेर चालू ठेवायच्या जितक्या वाटा तेव्हा होत्या तितक्या त्यांनी मोजून ठेवल्या. आज घरबसल्या पार्सल मागवलं की पहिला, फोन केला की तिसरा, व्हिडिओ कॉल केला की चौथा. मिस कॉल देणं हा पाचवा धरायचा का, यावर आमच्याकडे एकदा चांगलाच वाद झाला. सासूबाईंच्या मते तो खडाच.

व्रत सांगतं ते इतकंच की माणूस कुठे आहे हे त्याच्या पायांवरून ठरत नाही. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई एकाच वेळी शाळेच्या ग्रुपवर, संघाच्या ग्रुपवर, माहेरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर हजर असते. ती घरात आहे म्हणून तिला वेळ आहे, असं सगळे धरून चालतात. ती घरात नसतेच मुळी.

यावर उपाय शोधणारे आपण एकटेच नाही, आणि सगळे धर्माच्या वाटेने गेले असंही नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि फोन बंद, मुलं अभ्यासाला, आणि साडेआठला पुन्हा मोकळीक. आपल्या जिल्ह्यातलं नेवासे तालुक्यातलं सौंदाळा तुम्हाला आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला पाचशे रुपये दंड करणारं गाव म्हणून माहीत असेल. २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या त्या ग्रामसभेच्या वेळीच मुलांनी संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासाच्या वेळेत मोबाईल घ्यायचा नाही, असंही ठरलं. आणि मध्य प्रदेशात रायसेन जिल्ह्यातल्या बेगमगंजच्या जैन समाजाने २०२२ च्या पर्युषणात २४ तासांचा डिजिटल उपवास केला. हजारेक माणसं त्यात होती, कित्येकांनी फोन मंदिरात जमा केले होते.

उपवासाचं मला कौतुक आहे, पण कौल मी भोंग्याला देते. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पारणं येतं आणि पारण्याला आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. चोवीस तासांचे साठलेले निरोप एका बैठकीत वाचले जातात. भोंगा रोजचा आहे, लहान आहे, आणि तो कुणा एकीच्या निग्रहावर सोडलेला नाही. गावात सगळ्यांचे फोन एकदम खाली जातात, म्हणून कुणाचं काही चुकत नाही. आपली सामायिक नेमकी अशीच बांधलेली आहे. सूत्र म्हणून तिच्यात शिरायचं, विधीने पारायची, मधली ४८ मिनिटं कुणी हाक मारायची नाही. आमच्याकडे फोनचा संघट्टाही चालत नाही, म्हणून तो हाताच्या अंतरावरही नसतो. वाळूच्या घडीतली वाळू संपेपर्यंत बाई कुणाची सून नाही, कुणाची आई नाही. घरातल्या बाईला ‘आता नाही’ म्हणायची इतकी सन्मानाची सोय मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

आणि आपल्याला भोंग्याचीही गरज नव्हती. नगरला हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, पावसाळ्याच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. चौविहार पाळणाऱ्या घरात त्यानंतर चूल बंद. शेजारपाजारच्या बायका आठ-नऊला भाकऱ्या थापत असतात तेव्हा आपला ओटा पुसून झालेला असतो. रोजचे दीड-दोन तास आपल्याला धर्माने दिले होते, कुठल्याही ॲपने नाहीत. सासूबाईंच्या पिढीने त्यांत प्रतिक्रमण केलं आणि आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने पाथर्डीला सुरू झालेल्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा दिल्या. सासूबाईंची शाळा चौथीत सुटली होती. तीन मुलं पदरात असताना, पाटा-वरवंटा आणि रॉकेलच्या स्टोव्हच्या काळात, त्यांनी रात्री थोकडे पाठ करून परीक्षा दिल्या. त्यांची प्रमाणपत्रं अजून लोखंडी कपाटात आहेत. माझ्याकडे यंत्रं सात आहेत, मी मोजली. पण संध्याकाळचा तो मोकळा तुकडा आता फोनचा सगळ्यात गजबजलेला वेळ झाला आहे, कारण शाळेचे, संघाचे, दुकानाचे सगळे निरोप नेमके तेव्हाच येतात.

पर्युषणानंतर मी घरात सगळ्यांसमोर विषय काढला. भांडण म्हणून नाही, हिशेब म्हणून. लाईट बिल, गॅस आणि मोबाईलची बिलं आता थोरल्याच्या फोनवर आहेत. तो कॉलेजात आहे, त्याला जमतं. शाळेच्या ग्रुपवर माझ्या जागी यांचा नंबर दिला. यांना ते फारसं पटलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक असताना फोन वाजतो म्हणाले. माझ्या हाताला कणीक असताना वाजायचा, एवढं सांगितलं. सासूबाईंनी माझी बाजू घेतली, आणि ती घेताना स्वतःचं प्रवचन दुपारीच ऐकून घ्यायचं कबूल केलं. सूर्यास्तानंतरची एक सामायिक माझी आणि त्यांची, रोज. फोन देवघराबाहेरच्या फळीवर. रेसिपी विचारणाऱ्यांना उत्तर सकाळी मिळेल, असं मंडळात सांगून ठेवलं आहे. दोघी-तिघींना राग आला. येऊ दे.

क्षमापनेचं मी या वर्षी वेगळं केलं. चारशेंना काही पाठवलं नाही. सासूबाईंच्या जुन्या यादीतली हयात असलेली नावं आणि माझी काही, मिळून एकतीस झाली. अकरा जणींकडे जाऊन आले, बाकीच्यांना पोस्टकार्डं. पोस्टात पन्नास पैशांची कार्डं अजून मिळतात. त्या दोन जावांपैकी धाकटीच्या घरी मी गेले तेव्हा तिने आधी विचारलं, कुणाचं लग्न आहे का? थोरलीचा विषय मी काढला नाही. जाताना तिनेच विचारलं की थोरल्या भाभींकडे जाऊन आलीस का, आणि त्यांचं बीपी कसं आहे.

परवा संध्याकाळी आमची सामायिक सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. हे दारात येऊन उभे राहिले, हातात फोन. धाकटीला उद्या शाळेत दोन पिवळे कार्डपेपर आणि डिंक न्यायचा आहे असा निरोप त्यांना आत्ताच दिसला होता. मी माळेवरून नजर उचलली नाही. सासूबाईही डोळे मिटून बसल्या होत्या. बराच वेळ ते तिथेच होते, मग बाहेर थोरल्याला विचारल्याचा आवाज आला, स्टेशनरीचं दुकान किती वाजता बंद होतं रे? थोरला म्हणाला, मम्मीला माहीत असेल. वाळू अजून निम्मीसुद्धा खाली आली नव्हती. थोड्या वेळाने स्कूटर सुरू झाली.